स्वॅप तीन डिस्कवर विभागावी का, आणि विभागायची तर कशी?

खाजणकाठ (फोंडा)

मंडळींना नमस्कार. मी फोंड्यात राहतो आणि जमीन-मोजणीला पूरक असे ड्रोन-छायाचित्रणाचे काम करतो. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतील खाजणांचे (खाडीलगतच्या सखल शेतांचे) बांध, मानशीची (भरतीचे पाणी अडवणाऱ्या फाटकाची) दारे आणि बांधामागची शेते यांची छायाचित्रे वरून घ्यायची, ती ओपनड्रोनमॅप या मुक्त प्रणालीतून जोडायची आणि त्यांतून एकसंध नकाशा व उंचीचे प्रारूप तयार करायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. बांध कुठे खचला आहे हे पाऊस सुरू होण्यापूर्वी कळले तरच त्याचा उपयोग असतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कामाची घाई असते आणि संगणक रात्रभर चालू ठेवावा लागतो.

अडचण स्मृतीची आहे. माझ्या संगणकात 16 जीबी रॅम असून मदरबोर्ड जुना असल्यामुळे त्याहून अधिक बसत नाही. डेबियन लिनक्स 240 जीबीच्या साटा एसएसडीवर आहे आणि स्थापनेच्या वेळी त्याच एसएसडीवर 2 जीबीचे स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्यातील मजकूर ठेवण्यासाठी राखलेला डिस्कचा भाग, केले गेले होते. त्याशिवाय 7200 फेऱ्यांच्या, प्रत्येकी 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत. त्यांपैकी एक जुनी आहे आणि दुसरी बऱ्याच नंतर घेतलेली आहे. छायाचित्रे आणि प्रकल्पाच्या फाइली या नव्या डिस्कवर असतात. चारशे छायाचित्रांपर्यंतचे काम सुरळीत होते, पण आठशे-नऊशेच्या पुढे गेले की मध्यरात्री केव्हातरी कर्नल (लिनक्सचा गाभा) ती प्रक्रिया बंद पाडतो आणि सकाळी नोंदीत स्मृती संपल्याची ओळ तेवढी सापडते.

तिन्ही डिस्कवर प्रत्येकी 12 जीबी स्वॅप ठेवावी, म्हणजे जागाही मिळेल आणि तीन डिस्क एकत्र काम करत असल्यामुळे वेगही वाढेल, असा माझा विचार आहे. त्याबाबत तीन शंका आहेत. कर्नल स्वतःहून तिन्ही ठिकाणी समान वाटणी करतो का? त्यासाठी आधी रेड शून्य (माहिती अनेक डिस्कवर वाटून लिहिणारी मांडणी) बांधावे लागते का? आणि मध्येच एखादी डिस्क बंद पडली तर नेमके काय होते?

म्हादईतीर (पणजी)

पहिल्या दोन शंकांबद्दल मी लिहितो.

कर्नल स्वतःहून समान वाटणी करत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. लिनक्समध्ये स्वॅपच्या प्रत्येक जागेला एक प्राधान्यक्रमांक असतो. आपण तो दिला नाही तर कर्नल प्रत्येक जागेला उतरत्या क्रमाने ऋण आकडा देतो, म्हणजे जी जागा आधी सुरू झाली ती आधी वापरली जाते आणि ती पूर्ण भरल्यावरच पुढच्या जागेला हात लागतो. तीन डिस्कवर तीन पार्टिशने करून एफस्टॅब या, सुरुवातीला काय जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये नुसत्या तीन ओळी लिहिल्या तर पहिली डिस्क राबत राहील आणि उरलेल्या दोन बराच काळ स्वस्थ बसतील. वाटणी हवी असेल तर त्या ओळींतील पर्यायांच्या रकान्यात पीआरआय हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि 0 ते 32767 यांमधला एक आकडा लिहावा लागतो. दोन किंवा अधिक जागांना एकच आकडा दिला की कर्नल त्यांच्यात आळीपाळीने पाने वाटतो. इथे पान म्हणजे स्मृतीचा 4 केबीचा तुकडा. ही वाटणी कर्नलमध्येच असल्यामुळे केवळ वेगासाठी स्वॅपखाली रेड शून्य बांधण्याची गरज नाही. त्यातून मधला एक थर वाढण्याखेरीज काही हाती लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. समान प्राधान्य समान डिस्कनाच द्यावे. आळीपाळीने वाटताना कोणती डिस्क वेगवान आहे हे कर्नल पाहत नाही. तुमच्या बेतात एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क यांना एकच आकडा दिला तर तीनपैकी दोन पाने हार्ड डिस्कवर जातील आणि परत आणताना त्यांच्याच गतीने यावी लागतील.

ही गती किती असते ते आकड्यांतच पाहावे. मिनिटाला 7200 फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4.2 मिलिसेकंद धरावे, आणि हेड योग्य मार्गावर नेण्यासाठी आणखी 8-9 मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनाला अशा प्रकारे 12-13 मिलिसेकंद पडतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम 80 वाचने होतात. व्हीएम डॉट पेजक्लस्टर या मापाचे मूळ मूल्य 3 असते, त्यामुळे कर्नल एका वेळी दोनचा तिसरा घात, म्हणजे आठ पाने, एकत्र आणण्याचा प्रयत्न करतो. आठ पानांचे 32 केबी होतात आणि 80 वाचनांचे अडीच एमबी. या हिशेबाने विखुरलेले 1 जीबी परत आणायला जवळजवळ सात मिनिटे लागतात. शेजारची पाने एकमेकांलगत लिहिली गेली असतील तर परिस्थिती पुष्कळ बरी असते, परंतु दीर्घकाळ चाललेल्या कामात ती तशी लगत राहत नाहीत. साटा एसएसडीला हेड हलवायचे नसल्यामुळे तिची अशी वाचने सेकंदाला हजारोंच्या घरात जातात.

दोन सारख्या हार्ड डिस्क समान प्राधान्याने लावल्या तर सात मिनिटांची साडेतीन होऊ शकतात, पण त्यालाही एक अट आहे. मागण्या एकाच वेळी अनेक ठिकाणांहून यायला हव्यात. एखादे पान नाही म्हणून थांबलेला एकच धागा (प्रक्रियेतील कामाचा एक प्रवाह) असेल तर तो त्या एका पानाची वाट पाहतो, आणि ते पान कोणत्या तरी एकाच डिस्कवर असते. दुसरी डिस्क मोकळी असल्याचा त्याला काही उपयोग नाही. ओपनड्रोनमॅपचे अनेक टप्पे सगळे कोअर एकदम वापरतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत फायदा काही अंशी मिळेल, तीनपट मात्र नाही.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एकाच हार्ड डिस्कवर दोन स्वॅप पार्टिशने करून त्यांना समान प्राधान्य देऊ नये, कारण मग हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालत राहते. तसेच तुमची छायाचित्रे ज्या डिस्कवर आहेत तीच डिस्क स्वॅपसाठी वापरली तर छायाचित्र वाचणे आणि पान आणणे ही दोन्ही कामे एकाच हेडसाठी भांडतील. माझ्या मते मोठी स्वॅप एसएसडीवर, वरच्या प्राधान्याने, ठेवावी आणि हार्ड डिस्कवरची जागा खालच्या प्राधान्याने केवळ अडीअडचणीसाठी असावी.

एसएसडीवर नवे पार्टिशन काढायला जागा नसेल तर स्वॅप फाइल चालते. कर्नल 2.6 पासून फाइल आणि पार्टिशन यांच्या वेगात सांगण्यासारखा फरक राहिलेला नाही, कारण स्वॅप सुरू करतानाच कर्नल त्या फाइलचे डिस्कवरील तुकडे कुठे कुठे आहेत याचा नकाशा करून ठेवतो आणि नंतर फाइलप्रणालीला मध्ये न घेता थेट त्या जागी लिहितो. त्यामुळेच फाइलमध्ये पोकळी असून चालत नाही. ती डीडी ही आज्ञा वापरून प्रत्यक्ष शून्यांनी भरून घ्यावी आणि तिची परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी, कारण त्या फाइलमध्ये तुमच्या स्मृतीतील काहीही येऊ शकते.

तिसरीघंटा (मडगाव)

तिसऱ्या शंकेकडे आपण सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वॅपमध्ये गेलेल्या पानाची दुसरी प्रत कुठेही नसते. डिस्क बिघडली आणि त्यावरचे पान वाचता आले नाही तर ते पान ज्या प्रक्रियेचे होते तिला कर्नल एसआयजीबस हा संकेत पाठवतो आणि बहुतेक वेळा ती तिथेच संपते. ती प्रक्रिया नकाशाची असेल तर रात्रीचे काम वाया जाते, आणि डेस्कटॉप चालवणारी एखादी मूलभूत प्रक्रिया असेल तर सगळेच कोलमडते. लिहिताना चूक झाली तर त्या मानाने बरे असते, कारण पान अजून रॅममध्येच असते, कर्नल ते टाकून देत नाही आणि नोंदीत स्वॅप-डिस्कवर लिहिता न आल्याची ओळ घालतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, अशी एखादी ओळ दिसली तर ती डिस्क त्याच दिवशी स्वॅपमधून काढावी.

समान प्राधान्याने वाटलेल्या स्वॅपमध्ये मोठ्या प्रक्रियेची पाने सगळ्याच डिस्कवर पसरलेली असतात. त्यामुळे तीनपैकी कोणतीही एक बिघडली तरी ती प्रक्रिया जाण्याची शक्यता असते, म्हणजे डिस्क वाढवाल तसा धोकाही वाढतो. ज्यांना काम मध्ये थांबलेले अजिबात चालत नाही ते स्वॅप रेड एकवर (तीच माहिती दोन डिस्कवर लिहिणाऱ्या मांडणीवर) ठेवतात. निम्मी जागा जाते, पण एक डिस्क गेली तरी यंत्र चालू राहते. आपल्यासारख्या कामाला रेड एकची आवश्यकता नाही, कारण मूळ छायाचित्रे सुरक्षित असतात आणि काम पुन्हा सुरू करता येते. मात्र ‘जुनी’ असा ज्या डिस्कचा आपण उल्लेख केला आहे तिची तपासणी स्मार्टसीटीएल या डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या साधनाने आधी करावी. बदललेल्या आणि बदलाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे (डिस्कवरील लहान कप्प्यांचे) आकडे शून्याहून वर असतील, आणि विशेषतः दोन आठवड्यांत ते वाढले असतील, तर त्या डिस्कवर स्वॅप ठेवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत आणि जूनमधल्या वारंवार जाणाऱ्या विजेत जुन्या डिस्क हळूहळू खचत जातात, हे मी माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांवरून सांगतो.

एफस्टॅबमध्ये दुय्यम डिस्कच्या ओळीवर नोफेल हा पर्याय अवश्य लिहावा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी (यंत्रातील सेवा सुरू करणारी प्रणाली) यंत्र सुरू होताना तिची 90 सेकंद वाट पाहत बसते. ओळीत डिस्कचे नाव न लिहिता यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) लिहावा, कारण केबलींची अदलाबदल झाली की नावे बदलतात. आणि हायबरनेट (रॅममधील सर्व काही डिस्कवर उतरवून यंत्र बंद करणे) वापरत असाल तर त्याची प्रतिमा एकाच स्वॅप-जागेत मावावी लागते, ती दोन डिस्कवर वाटली जात नाही.

सांजवात (म्हापसा)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक वेगळी बाजू मांडतो. स्वॅपमुळे काम पूर्ण होईल, पण ते काम एका वेळी जेवढी स्मृती सतत हाताळते तेवढीच 16 जीबीहून मोठी असेल तर डिस्क कितीही जोडल्या तरी यंत्र पाने आत-बाहेर करण्यातच वेळ घालवील. ओपनड्रोनमॅपमध्ये स्प्लिट हा पर्याय आहे. त्यात एका गटात साधारण किती छायाचित्रे घ्यायची हे सांगितले की मोठा प्रकल्प लहान उपप्रकल्पांत तोडला जातो, आणि शेवटी नकाशे पुन्हा जोडले जातात. शेजारच्या गटांनी एकमेकांवर किती मीटर चढायचे ते स्प्लिट-ओव्हरलॅपमध्ये द्यायचे असते. खाजणाचा बांध लांबट असतो, त्यामुळे असे तुकडे स्वाभाविकपणे पडतात. एकाच वेळी किती प्रक्रिया चालवायच्या याची मर्यादाही मॅक्स-कन्करन्सी या पर्यायाने कमी करता येते. वेळ थोडा अधिक लागतो, स्मृती मात्र पुष्कळ वाचते.

दुसरे म्हणजे झेडस्वॅप. कर्नल 3.11 पासून ही सोय आहे. डिस्ककडे निघालेले पान आधी दाबून लहान केले जाते आणि रॅममध्येच राखलेल्या एका भागात ठेवले जाते. हा भाग मूळ मांडणीत रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि तो भरला की सर्वांत जुनी पाने खरोखरच्या स्वॅपमध्ये जातात. सुरू करण्यासाठी बूटच्या ओळीत झेडस्वॅप डॉट एनेबल्ड बरोबर 1 एवढे घालावे लागते. झेडरॅम हा वेगळा प्रकार आहे, तो रॅममध्येच एक दाबलेली डिस्क उभी करतो. दोन्ही एकदम लावू नयेत. प्रत्यक्ष डिस्कवर स्वॅप ठेवायचीच आहे तर झेडस्वॅप अधिक योग्य ठरतो.

खाजणकाठ (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे केले ते सविस्तर लिहितो, कारण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे.

स्मार्टसीटीएलने तपासल्यावर जुन्या डिस्कचे 24 सेक्टर बदललेले आणि 3 प्रतीक्षेत असलेले आढळले. पाच दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा प्रतीक्षेतील सेक्टर 5 झाले होते. त्या डिस्कवरील सर्व माहिती दुसरीकडे घेऊन मी ती काढून टाकली आहे. तीन डिस्कवर वाटणी करण्याचा बेत तिथेच संपला. त्यानंतर एसएसडीवर 24 जीबीची स्वॅप फाइल केली, तिला प्राधान्य 10 दिले, जुने 2 जीबीचे पार्टिशन बंद केले आणि नव्या हार्ड डिस्कवर 16 जीबीचे पार्टिशन प्राधान्य 5 ने नोफेलसह जोडले. स्वॅपॉनला शो हा पर्याय देऊन पाहिले तेव्हा दोन्ही जागा योग्य क्रमाने दिसल्या.

पहिल्या रात्री 870 छायाचित्रांचे काम प्रथमच शेवटपर्यंत गेले. बांधाच्या दोन जागी झालेली झीज नकाशात स्पष्ट दिसली तेव्हा फार समाधान वाटले. दुसऱ्या रात्री जवळजवळ तेवढ्याच छायाचित्रांचे दुसरे काम लावले. तेही पूर्ण झाले, परंतु दुपारपर्यंत चालू होते. व्हीएमस्टॅट दर सेकंदाला चालवून पाहिले तेव्हा एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारी आणि स्वॅपकडे जाणारी पाने) हे दोन्ही रकाने सतत हलत होते आणि प्रतीक्षेचा रकाना फार वर होता. हार्ड डिस्कवरच्या स्वॅपमध्ये तेव्हा 7 जीबी गेलेले होते. पहिल्या रात्री हार्ड डिस्कवर काहीच गेले नव्हते. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी आधीचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे पाहण्याच्या प्रणालीत उघडून ठेवला होता आणि ब्राउझरही चालूच राहिला होता. एवढ्याने इतका फरक पडतो का?

म्हादईतीर (पणजी)

पडतो, आणि प्राधान्याने लावलेल्या स्वॅपची ही एक अंगभूत उणीव आहे. मागच्या उत्तरात मी ती सांगायला हवी होती.

काम सुरू झाल्यावर स्मृतीचा ताण वाढू लागतो तेव्हा कर्नल सर्वांत आधी कोणती पाने बाहेर काढतो? जी बराच वेळ कोणी वापरलेली नाहीत ती, म्हणजे तुमचे स्वस्थ पडलेले क्यूजीआयएस आणि ब्राउझर. त्या क्षणी एसएसडीवरची जागा पूर्ण मोकळी असते, म्हणून ती निरुपयोगी पाने सर्वांत वेगवान जागी जाऊन बसतात. काही तासांनी खरी गरज वाढते तेव्हा एसएसडी भरत आलेली असते आणि ज्यांची पुन्हा पुन्हा मागणी होणार आहे अशी पाने हार्ड डिस्कवर ढकलली जातात. एकदा जागा मिळालेले पान कर्नल स्वतःहून एका स्वॅप-जागेतून दुसरीत हलवत नाही. थंड पान वेगवान डिस्कवर आणि चालू पान संथ डिस्कवर अशी उलटी मांडणी त्यामुळे होते, आणि ती तशीच राहते. शिवाय तुमच्या हार्ड डिस्कवर छायाचित्रेही आहेत, म्हणजे मी म्हटले होते ते हेडचे भांडण त्यात भरीला आले.

उपाय सोपे आहेत. रात्रीचे काम लावण्यापूर्वी बाकीचे कार्यक्रम बंद करावेत, म्हणजे त्यांची पाने स्वॅपमध्ये अडकणारच नाहीत. ज्यांना ते बंद करता येत नाहीत त्यांनी रॅम मोकळी आहे याची फ्री या आज्ञेने खात्री करून स्वॅपऑफ आणि मग स्वॅपॉन, दोन्ही ए या पर्यायासह, चालवावेत. स्वॅपऑफ सगळी पाने परत रॅममध्ये आणतो, त्यामुळे मोकळी रॅम पुरेशी नसताना तो चालवू नये. संथ डिस्कवरून पाने परत आणायला त्याला वेळ लागतो, तो पुरा होऊ द्यावा. सांजवात यांनी सांगितलेला झेडस्वॅप इथे दुहेरी उपयोगाचा आहे. चालू पानांपैकी बरीच दाबलेल्या रूपात रॅममध्येच थांबतात आणि जुनी पाने पुढे डिस्ककडे जातात, म्हणजे क्रम आपोआप योग्य दिशेने लागतो.

स्वॅपीनेसला, म्हणजे कर्नल स्वॅपकडे किती झुकतो ते ठरवणाऱ्या मापाला, मात्र हात लावण्याची घाई करू नये. त्याचे मूळ मूल्य 60 आहे. ते 10 केल्यास कर्नल फाइलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत आधी टाकू लागेल, आणि छायाचित्रे पुन्हा पुन्हा हार्ड डिस्कवरून वाचावी लागली तर तुमचे नुकसानच होईल.

खाजणकाठ (फोंडा)

काल रात्री क्यूजीआयएस आणि ब्राउझर बंद करून, झेडस्वॅप सुरू करून आणि स्प्लिटमध्ये 300 चा गट देऊन 940 छायाचित्रांचे काम लावले. पहाटे वीज गेली होती, पण इन्व्हर्टरवर यंत्र चालू राहिले आणि सात वाजता पाहिले तेव्हा नकाशा तयार होता. हार्ड डिस्कवरील स्वॅपमध्ये काहीही गेलेले नव्हते आणि एसएसडीवर सर्वाधिक 9 जीबी वापरली गेली होती. हार्ड डिस्कवरचे पार्टिशन मी तसेच खालच्या प्राधान्याने ठेवले आहे. तिन्ही जाणकारांना देव बरे करो. आता या आठवड्यात उरलेल्या दोन बांधांची छायाचित्रे घ्यायची आहेत.